लॅटिनचा श्रीगणेशा

आयुष्याची अडतीस वर्षे ज्याने पुण्याच्या एका शाळेत संस्कृत शिकविण्यात घालविली, त्याने पासष्टी उलटल्यावर आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या पंक्तीस बसून दुसरी एक भाषा ओनाम्यापासून शिकावी, ही गोष्ट कोणास विनोदाची वाटेल, कोणास वेडेपणाची. आमच्या घरच्या मंडळींस ती दोन्ही वाटली. परंतु या वेडापायी आम्हांस उत्तर इंग्लंडातील वाऱ्यापावसाने झोडपलेला एक माळ, त्या माळाच्या चिखलातून निघालेले एक पत्र आणि टाइन नदीच्या मुखाशी जपून ठेवलेली एक शिळा यांची ओळख झाली. आणि त्या पत्राने व त्या शिळेने मिळून आमच्याच घरातील एक जुने दुखणे आमच्यापुढे उघडे करून ठेविले. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

आमचे चिरंजीव गेली बारा वर्षे इंग्लंडात न्यूकॅसल येथे डॉक्टर आहेत. सूनबाईही नोकरी करतात. त्यांना एकच कन्या. वय वर्षे नऊ. तिला गोष्टींचे वेड. तिच्या शाळेत लॅटिन नाही. परंतु लहान मुलांना संगणकावरून घरबसल्या लॅटिनचे पहिले धडे देणारा एक वर्ग आहे, असे सूनबाईंच्या कानी आले आणि गेल्या जानेवारीत त्यांनी तिचे नाव त्यात घातले. शनिवारी सकाळी आई-बाप दोघेही कामात. पोरीस एकटीने बसावयाचा कंटाळा. तेव्हा तिने तोड काढली की, पुण्याच्या आजोबांनी तिकडून याच वर्गात बसावे. शिक्षिकाबाईंनी हसत परवानगी दिली. अशा रीतीने दर शनिवारी न्यूकॅसलच्या सकाळी दहा वाजता, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडील दुपारी साडेतीन वाजता, आम्ही आपल्या माजघरात पडद्यासमोर वही-पेन्सिल घेऊन बसू लागलो. पडद्यावर चौकोनी खिडक्यांतून आठ मुलांचे चेहरे दिसत आणि नवव्या खिडकीत आमचे टक्कल.

खरे सांगावयाचे तर लॅटिनची हौस हे निमित्त होते. आमच्या नातीस मराठी समजते, पण बोलता येत नाही. आपण मराठीत विचारावे, तिने इंग्रजीत उत्तर द्यावे, असा रिवाज पडून गेलेला. 'पोरीला घरात मराठी शिकवा' असे आम्ही चिरंजीवांस दर पत्रात आणि दर फोनवर सांगत आलो. ते 'हो' म्हणत आणि विषय बदलीत. यावरून एक-दोनदा शब्दही वाढला होता. तेव्हा कोणत्याही भाषेच्या पदराखाली का होईना, आठवड्यातून एक तास नात समोर दिसेल, एवढाच आमचा लोभ होता.

पहिल्याच दिवशी पडद्यावर एक उंदीर अवतरला. बार्बरा बेल या बाईंनी मुलांसाठी रचलेले 'मिनिमुस' नावाचे लॅटिनचे पुस्तक १९९९ साली निघाले. त्यातील मिनिमुस हा, नावाप्रमाणेच 'सर्वांत लहान', असा एक उंदीर आहे आणि तो हेड्रियनच्या भिंतीजवळच्या व्हिंडोलँडा नावाच्या रोमन ठाण्यात एका सेनाधिकाऱ्याच्या घरी राहतो. उंदराला लॅटिनमध्ये 'मूस' म्हणतात, असे शिक्षिकाबाईंनी सांगितले मात्र, आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. 'मूस' म्हणजे आपला मूषक! लॅटिनचा आमचा श्रीगणेशा असा गणपतीच्या वाहनावर बसूनच झाला.

पुढे तर ओळखीची मंडळी भराभर भेटू लागली. पातेर म्हणजे पितृ, मातेर म्हणजे मातृ, फ्रातेर म्हणजे भ्रातृ. 'एस्त' म्हणजे अस्ति, 'सुन्त' म्हणजे सन्ति. आणि 'आम्ही आहोत' यास 'सुमुस' म्हणतात, म्हणजे उघडच आपले 'स्मः'. बहीण 'सोरोर' प्रथम ओळखू आली नाही. मग ध्यानात आले की, दोन स्वरांमध्ये सापडलेल्या जुन्या 'स'चा लॅटिनमध्ये 'र' होतो. मूसची षष्ठी 'मूरिस' होते ती त्याचमुळे. हा नियम लावून पाहताच सोरोरच्या आडून 'स्वसृ' डोकावू लागली. आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांना ठासून सांगत आलो की, संस्कृत ही या सर्व भाषांची जननी आहे. वस्तुतः सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणातच, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच, कदाचित आज लुप्त झालेल्या मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे म्हटले होते. आणि पुढच्या संशोधनाने तेच दृढ केले. आम्हांस हे ठाऊक नव्हते असे नाही. पण माहीत असणे निराळे आणि पटणे निराळे. उंदराच्या गोष्टी वाचता वाचता पासष्टीनंतर ते पटले. संस्कृत लॅटिनची माता नव्हे, सोरोर आहे. आणि बहीण म्हणून तिची थोरवी तसूभरही कमी होत नाही.

अभ्यासात मात्र आमची फजिती होऊ लागली. सवयीप्रमाणे आम्ही दुसऱ्या आठवड्यातच नामांचे पाची गण कोष्टके मांडून पाठ करून टाकले. संस्कृतात सात विभक्त्या आणि संबोधन, तीन वचने. येथे सहाच विभक्त्या, द्विवचनाचा जवळजवळ लोप. ज्याने शब्दरूपावली कोळून प्यायली त्याला यात अवघड ते काय? परंतु शिक्षिकाबाई चित्र दाखवून लॅटिनमध्ये विचारीत, 'उंदीर कोठे आहे?' आणि आम्ही मनातल्या मनात कोष्टकाच्या पायऱ्या उतरून सप्तमीच्या जागी काय येते ते शोधीत असू, तोवर आठही पोरे उत्तर देऊन मोकळी होत. एकदा नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला सगळं येतं, पण उंदीर कुठे आहे ते सांगता येत नाही." यातील 'आजोबा' आणि 'उंदीर' एवढे दोन शब्द मराठी होते, बाकीचे इंग्रजी. आम्ही ते दोन शब्द वहीत लिहून ठेवले.

मार्च महिन्यात एक छोटीशी गोष्ट घडली. 'फेलेस मूरेम विडेत', म्हणजे मांजर उंदराला पाहते, असे वाक्य होते. शिक्षिकाबाईंनी शब्दांची अदलाबदल केली, 'मूरेम फेलेस विडेत', आणि आता कोण कोणाला पाहते असे विचारले. सर्व मुले म्हणाली, उंदीर मांजराला पाहतो. इंग्रजीत जो आधी येईल तो कर्ता. शब्दांच्या जागा बदलल्या की शिकार शिकारी होते. नातही गोंधळली. वर्ग संपल्यावर आम्ही तिला म्हटले, "मांजर उंदराला पाहते. आता ऐक: उंदराला मांजर पाहते. कोण पाहते?" ती क्षणभर थांबली. "मांजर." "कशावरून?" ती विचार करू लागली आणि एकाएकी ओरडली, "'ला'! 'ला' म्हणजे 'एम'!" आणि आईकडे धावत गेली: मराठी अगदी लॅटिनसारखी आहे म्हणून. त्या पोरीच्या तोंडी मराठीविषयी कौतुकाचा उद्गार आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकला.

जुलै महिन्यात आम्ही उभयता न्यूकॅसलला गेलो. मिनिमुसचे घर पाहावयाचे हे नातीने आधीच ठरवून ठेवले होते. एका सकाळी पाचही जणांनी न्यूकॅसलहून आगगाडी धरली. गाडी टाइन नदीच्या काठाकाठाने पश्चिमेस जाते. दोहो बाजूंस हिरवीगार कुरणे, चुन्यावाचून रचलेले दगडी बांध, मेंढ्या. मधूनच नदी गाडीच्या खिडकीखाली येते आणि पुन्हा झाडीत लपते. हेक्सॅम येथे उतरून पुढे मोटारीने जावयाचे. उन्हाळ्यात रोमन भिंतीच्या बाजूने जी मोटार धावते तिला लोकांनी १२२ हा आकडा दिला आहे, कारण सम्राट हेड्रियनने भिंतीचे काम इ. स. १२२ मध्ये सुरू करविले. इतिहासाची अशी हसतखेळत आठवण ठेवण्याची रीत आम्हांस फार आवडली.

ही भिंत टाइन नदीपासून पश्चिम समुद्रापर्यंत ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर पसरलेली होती. व्हिंडोलँडा तिच्या दक्षिणेस सुमारे एका मैलावर आहे आणि ते ठाणे भिंतीहूनही जुने. आम्ही उतरलो तेव्हा जुलै असून अंगात हुडहुडी भरावी असा वारा सुटला होता आणि पाऊस आडवा येत होता. सौ.नी दोन स्वेटरांवर शाल गुंडाळली. समोर माळावर कमरेएवढ्या दगडी भिंतींच्या रांगा: हे कोठार, हे स्नानगृह, ही शिपायांची वस्ती, हे अधिकाऱ्याचे घर. एका कोपऱ्यात हौशी मंडळी गुडघे टेकून चिखल खरवडीत होती. दर उन्हाळ्यात येथे स्वयंसेवकांच्या साहाय्याने उत्खनन चालते. जवळच्या रोमन रस्त्याच्या कडेला एक मैलाचा दगड अजून आपल्या मूळ जागी उभा आहे. नातीने या चौकातून त्या चौकात धावत उंदराची बिळे शोधण्याचा सपाटा लावला.

व्हिंडोलँडाची खरी दौलत मात्र या दगडांत नाही. ती खालच्या चिखलात होती. येथे एकावर एक अशी नऊ ठाणी झाली. पहिली लाकडी; एक मोडले की त्यावर माती आणि हरळीची ढेपाळे पसरून दुसरे उभारीत. त्या थरांखाली पाणी साचून राहिले, हवा पोचली नाही, आणि जे कुजून नाहीसे व्हावयाचे ते टिकले. चामड्याची पाच हजारांवर पायताणे येथे मिळाली आहेत. त्यांत लहान मुलांचीही आहेत. आणि १९७३ साली रॉबिन बर्ली यांना येथे लाकडाच्या भुशासारखे वाटणारे पातळ पापुद्रे सापडले. दोन पापुद्रे सोडविले तो आत शाईची अक्षरे! उजेड लागताच ती काळवंडून दिसेनाशी झाली. पुढे अवरक्त किरणांच्या छायाचित्रांनी ती वाचता आली. भूर्ज आणि तत्सम झाडांच्या, एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या, पोस्टकार्डाएवढ्या फळ्यांवर लिहिलेली ती साध्या माणसांची पत्रे होती. कोणाला घरून मोजे, पायताणे आणि आतले कपडे पाठविल्याचा मजकूर आहे. कोठे शिपायांची हजेरी आहे. एका टिपणात तेथल्या मूळ रहिवाशांच्या लढण्याच्या पद्धतीची टिंगल करताना त्यांना 'ब्रिटुंकुली', म्हणजे 'ब्रिटुकले', असे हिणविले आहे. ज्यांनी दीडशे वर्षे आम्हांस 'नेटिव्ह' म्हटले त्यांच्या पूर्वजांस कोणी 'ब्रिटुकले' म्हणत होते, हे वाचून आम्हांस थोडी गंमत वाटली, ती आम्ही लपवून ठेवीत नाही.

दरीतल्या बागेत संग्रहालय आहे. अशा फळ्यांपैकी बहुतेक लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रही आहेत. काही थोड्या येथे काचेआड ठेविल्या आहेत. जे पत्र पाहावयास आम्ही विशेष उत्सुक होतो ते लंडनच्या संग्रहातले; आम्ही त्याचे मोठे छायाचित्र पाहिले. इ. स. १०० च्या सुमाराचे हे पत्र. क्लॉडिया सेव्हेरा ही एका सेनाधिकाऱ्याची पत्नी. तिने व्हिंडोलँडाच्या अधिकाऱ्याची पत्नी सुल्पिसिया लेपिडिना हिला ११ सप्टेंबर रोजी आपल्या वाढदिवसाला येण्याचे निमंत्रण दिले आहे. ही लेपिडिना म्हणजेच मिनिमुसच्या गोष्टीतली यजमानीण! तेव्हा नातीला ते पत्र घरच्याच माणसाचे वाटले. सर्व मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात आहे. परंतु तळाशी निराळ्याच, किंचित अडखळणाऱ्या हाताने काही ओळी घातल्या आहेत. त्या सेव्हेराने स्वतः लिहिल्या. स्त्रीच्या हातच्या लॅटिन लिखाणाचे जे अगदी जुने नमुने आज उपलब्ध आहेत त्यांत याची गणना होते. आपल्या जुन्या दप्तरांतही कारकुनाने मोडीत पत्र लिहावे आणि खाली धन्याने स्वदस्तुर चार शब्द घालावेत, असा परिपाठ दिसतो. कारकुनाचा मजकूर कामाचा असतो. मन तळच्या ओळीत असते.

नातीने काचेला नाक लावून त्या ओळींत बराच वेळ शोधले आणि एका शब्दावर बोट ठेवले. "सोरोर!" सेव्हेरा लेपिडिनेला 'बहीण' म्हणते. सख्खी बहीण नव्हे. त्या थंड, परक्या सरहद्दीवर दोघीच एकमेकींच्या. आमच्या सौ. हे ऐकून काही बोलल्या नाहीत. पण न्यूकॅसलला सूनबाईंना जवळ बसावयाला कोण आहे, अशी चौकशी त्यांनी संध्याकाळी प्रथमच केली.

परतीच्या गाडीत चिरंजीव संग्रहालयातून घेतलेले पुस्तक चाळीत होते. ते एका पानावर थांबले. अधिकाऱ्याच्या घरात सापडलेल्या एका फळीवर व्हर्जिलच्या 'ईनिड' महाकाव्यातील एक ओळ वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेली आहे आणि तिच्यापुढे दुसऱ्या हाताने एक अर्धवट शब्द. विद्वानांचा तर्क असा की, ही घरच्या मुलाची कित्त्याची ओळ असावी आणि पुढचा शब्द पंतोजींचा शेरा असावा: 'आळशीपणाने केले आहे'. चिरंजीवांनी पुस्तक आमच्यापुढे धरले आणि मंद हसून म्हणाले, "बाबा, हा शेरा ओळखीचा वाटतो."

आम्ही हसलो, पण ते हसू घशाखाली उतरले नाही. चिरंजीव दहा वर्षांचे असताना रोज पहाटे त्यांना पाटावर बसवून आम्ही 'रामः रामौ रामाः' म्हणवून घेत असू. चुकले की पट्टी. आम्हांस वाटे, यातून पोर विद्वान होईल. मुभा मिळताच पोराने संस्कृत सोडले ते कायमचे. थोड्या वेळाने तेच पुढे म्हणाले, "तुम्ही विचारता ना, मराठी का शिकवीत नाही म्हणून? शिकवायला बसलो की माझा हात आपोआप तुमच्यासारखा होतो. दोनदा बसलो, दोन्ही वेळा ती रडली. मग ठरवलं, नकोच." आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. इतकी वर्षे ज्याला आम्ही परदेशी राहिलेल्या मुलाची बेफिकिरी समजत होतो, ती आमच्याच पट्टीची खूण होती.

पुढच्या आठवड्यात न्यूकॅसलच्या मेट्रोने आम्ही साउथ शील्ड्सला गेलो. येथे टाइन समुद्रास मिळते. मुखाशी 'आर्बिया' नावाचे रोमन ठाणे होते. रोमन अमदानीच्या उत्तरकाळात येथे टायग्रिस नदीवरचे नावाडी नेमलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच गावी येमेनचे खलाशीही येऊन वसले. असे हे पूर्वीपासूनच दूरदूरच्या माणसांचे गाव. ठाण्याचा एक दरवाजा नव्याने जसाच्या तसा बांधला आहे. परंतु आमचे पाय खिळले ते संग्रहालयातील एका शिळेपाशी.

१८७८ साली सापडलेली ही दुसऱ्या शतकातली थडग्याची शिळा आहे. कोनाड्यात वेताच्या खुर्चीवर एक स्त्री बसली आहे. मांडीवर चाती, एका बाजूस लोकरीच्या गुंड्यांची परडी. चेहरा फुटून गेला आहे. खाली लॅटिन लेख. नातीने अक्षर अक्षर लावून वाचले: नाव रेगीना. "म्हणजे राणी!" आम्ही मनात 'राज्ञी' म्हटले. वय तीस. राहणारी दक्षिण ब्रिटनमधल्या कॅटुव्हेलॉनी जमातीची. मूळची दासी, तिला बाराटेस नावाच्या पुरुषाने मुक्त केले आणि तिच्याशी विवाह केला. हा बाराटेस सीरियातल्या पाल्मिराचा, वाळवंटातल्या व्यापारी शहराचा रहिवासी. इतक्या दूर येऊन त्याने बायकोची ही शिळा उभी केली.

आमची मास्तरकी लगेच जागी झाली. लेखात विभक्ती चुकली होती! 'पत्नीस' म्हणून चतुर्थी हवी तेथे भलतेच रूप आले होते. आम्ही तोंड उघडणार, तोच नातीने खालच्या काठाकडे बोट दाखविले. "आजोबा, ही ओळ लॅटिन नाही." खरेच, लॅटिन लेखाच्या तळाशी निराळ्याच वळणदार अक्षरांची एक ओळ होती, उजवीकडून डावीकडे जाणारी. ती पाल्मिराची लिपी, बाराटेसची मातृभाषा. तिचा आशय फलकावर दिला होता: ही रेगीना, बाराटेसने मुक्त केलेली, आणि शेवटी केवळ एक शोकाचा उद्गार, 'हाय!' वरच्या लॅटिन मजकुरात नाव आहे, वय आहे, जात आहे, नाते आहे. शोकाचा शब्द नाही. तो त्याने आपल्या भाषेसाठी राखून ठेवला होता. आणि ती ओळ लॅटिनपेक्षा कितीतरी सफाईने कोरलेली आहे, हे आमच्यासारख्या अडाण्यासही दिसत होते.

"पण इथे ती कोणाला वाचता येत होती?" नातीने विचारले. आम्ही निरुत्तर झालो. व्हिंडोलँडाचे शिपाई ऱ्हाईनच्या मुखाकडचे, बटेव्हियन. त्यांच्या घरच्या बोलीतले एकही पत्र तेथे सापडलेले नाही. त्यांनी सर्व काही राज्यकर्त्यांच्या लॅटिनमध्ये लिहिले आणि त्यांची बोली मातीत गेली. बाराटेसने निदान एक ओळ मागे ठेविली. त्याच्या पाल्मिरातले बेलचे प्राचीन मंदिर २०१५ साली युद्धात स्फोटके लावून उडवून देण्यात आले. त्याची भाषा आज कोणी बोलत नाही. परंतु त्याची ती ओळ टाइनच्या काठी शाबूत आहे. चिरंजीव हळूच म्हणाले, "वाचणाऱ्यासाठी नसेल लिहिली." आणि ते शिळेपाशी आम्हां सर्वांहून अधिक वेळ उभे राहिले.

त्या रात्रीपासून न्यूकॅसलच्या घरात एक नवा क्रम सुरू झाला. जेवण झाल्यावर बाप-लेक स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसत. कोष्टक नाही, पट्टी नाही. एक उंदराचे चित्र आणि त्याखाली एक शब्द. पहिले दोन दिवस आम्ही शेजारी बसून पाहिले. तिसऱ्या दिवशी आमच्या तोंडून 'ऱ्हस्व' हा शब्द निघून गेला आणि चिरंजीवांच्या कपाळावर ती जुनी आठी दिसली. तेव्हापासून ते बसले की आम्ही फिरावयास जात असू. टाइनच्या पुलावर उभे राहून पाणी पाहण्याइतके अवघड काम आम्ही उभ्या जन्मात केले नव्हते.

नातीचा वाढदिवस ऑगस्टच्या मध्यास. मैत्रिणींसाठी तिने संगणकावर इंग्रजीत सुबक निमंत्रणे तयार केली. एक प्रत पुण्यास पणजीला, म्हणजे आमच्या एक्याण्णव वर्षांच्या मातोश्रींना पाठवावयाची ठरली. पाकिटात घालण्यापूर्वी ती आम्हांस दाखवावयास आणली. छापलेल्या इंग्रजी मजकुराच्या तळाशी पेन्सिलीने, एक अक्षर मोठे एक लहान, अशी एक ओळ होती: 'पणजी, तू माझा घरी ये.'

'माझा घरी'. विभक्ती चुकली होती. अडतीस वर्षांची सवय. आमचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. मग ती शिळा आठवली आणि आम्ही हात तसाच मागे घेतला. तथापि, वाचकांपासून एक गोष्ट लपवीत नाही. बाराटेसची चूक परक्या भाषेत होती आणि घरची भाषा निर्दोष होती. आमच्या नातीचे उलट आहे. तिची इंग्रजी निर्दोष आणि चूक घरच्या भाषेत. हा उलटेपणा आम्हांस त्या क्षणी बोचला, आणि आजही बोचतो. पण ती ओळ तिने आपण होऊन लिहिली होती, स्वदस्तुर, आणि तळाशी.

आम्ही पुण्यास परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र आले. मातोश्रींनी चष्म्यावर भिंग धरून छापील मजकुरावरून डोळे फिरविले, तो बाजूस सारला आणि खालची ओळ दोनदा वाचली. आम्ही न राहवून म्हणालो, "'माझ्या' हवे होते." त्या म्हणाल्या, "अरे, पोर घरी बोलावते आहे, तेवढे कळले ना? मग झाले तर." आणि ते पत्र त्यांनी आपल्या पोथीत खुणेला ठेवून दिले.

शनिवारचा वर्ग चालू आहे. आता त्याच्यापूर्वी दहा मिनिटे नात आम्हांस मराठीत उंदराचा ठावठिकाणा विचारते. उंदीर कोठे आहे हे सांगावयास आम्हीही आता फारसा वेळ लावीत नाही.